गोरीबाईचं अंग

“हसू नको,” शिवाप्पामामा म्हणाला. “आत्ता हसलीस तर जल्मभर तशीच वाकडी ऱ्हाशील. मग माझ्या नावानं बोंब मारू नको.”

मी फळीवर उताणी पडले होते. केस फडक्यात आवळून बांधलेले, तोंडाला खोबरेल चोपडलेलं, कानात कापसाचे बोळे आणि नाकात पपईच्या देठाच्या दोन नळ्या. हसू येत होतं ते त्या नळ्यांचं.

“मामा, दोन सोंडांचा गणपती दिसत आसंन मी.”

“बोलायचं ते आत्ता बोलून घे बाई. एकदा प्लास्टर लावलं की तोंड बंद. कायबी झालं, जीव घाबरला, तर फळीवर हात आपट. मी हाय हितंच.”

मामा आमच्या कलाशाळेचा साचेकार, नात्यातला नव्हे, सगळी शाळाच त्याला मामा म्हणायची. शाळा राजेसाहेबांनी काढलेली. पुढचा हॉल बघाल तर डोळे दिपतील, रंगीत काचा, झुंबरं, गुळगुळीत फरशी. पाव्हणेरावळे तिथूनच यायचे आणि तिथूनच जायचे. आम्ही मागं, जुन्या पागेत. तिथं साचाखोली होती. भिंतीच्या फळ्यांवर प्लास्टरची मुंडकी, हात, पाय, घोड्याची एक तंगडी, आणि खिडकीजवळ गोरीबाई.

गोरीबाई म्हणजे प्लास्टरची एक उघडी बाई. राजेसाहेबांनी विलायतेहून बोटीनं आणवलेली. तिला मुंडकं नव्हतं आणि कोपरापासून पुढं हात नव्हते, पण बाकी अंग असं की पहिल्या दिवशी मी केरसुणी टाकून बाहेर पळाले होते. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोरानं बाईचं अंग शिकायचं ते गोरीबाईवरून. दुसरी कोण मिळणार? आमच्या गावात कपडे उतरून बसायला कुठली बाई तयार होती?

मी नवऱ्याच्या घरातून पळून आलेली. आईकडं राहायची, थोरल्या भावाच्या, रंगादादाच्या जिवावर. शाळेत झाडायला लागले ती आईच्या ओळखीनं. मग एकदा मास्तर म्हणाले, हौसाबाई, तुमचा चेहरा चांगला आहे, स्टुलावर बसाल का, पोरं काढतील. बसले. फक्त चेहरा. डोक्यावरचा पदरसुद्धा कधी खाली घेतला नाही मी. घरी मात्र झाडते एवढंच सांगितलं होतं. आमच्या दादाला चेहरा आणि अंग असला फरक कोण समजावून सांगणार?

त्या दिवशी माझ्या चेहऱ्याचा साचा काढायचा होता. शाळेची शताब्दी जवळ आली होती, अंगणात कष्टकरी बाईचा पुतळा बसवायचा होता आणि प्राचार्य पोतनीस साहेबांना माझंच तोंड हवं होतं. मामानं मला गळ्यापासून पायापर्यंत गोणपाटानं झाकलं. ते गोणपाट जुनं, प्लास्टर सांडून सांडून पांढरं आणि ताठ झालेलं. मग तो लिंपायला लागला. कपाळ, डोळे, गाल, शेवटी ओठ. आधी गार लागतं. मग जड होतं. मग हळूहळू तापायला लागतं. उजेड गेला आणि जग लांब कुठंतरी विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं झालं. नळ्यांतून माझा श्वास तेवढा मला ऐकू यायचा.

तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटलं.

“हौसा कुठाय?”

कानात बोळे होते तरी आवाज ओळखला. रंगादादा.

“कोण हौसा?” मामा म्हणाला.

“माझी भन. हितं झाडाय येती.”

“झाडून गेली की मगाशीच. घरला बघ जा.”

“घरला न्हाई. फाटकावरचा शिपाई म्हणतोय, आत हाय.”

“मग आत कुटंतरी आसंल. एवढी मोठी शाळा. हितं सगळ्या मातीच्या न् प्लास्टरच्या बायका हाईत बाबा. ह्यात तुझी कंची, तूच बघ.”

खण्णकन काहीतरी फुटलं. फळीवरचं मुंडकं असणार. खापऱ्या फरशीवरून घरंगळत माझ्या फळीच्या पायाला येऊन लागल्या.

“माझ्याशी चेष्टा न्हाई करायची, म्हाताऱ्या. हातात काय हाय बघितलंस न्हवं?”

“दादा, कोयता लागंल कुनाला तरी,” दुसरा आवाज म्हणाला. तो संपत, दादाच्या ट्रकवरचा हमाल. दादाच्या मागं मागं फिरणं एवढाच त्याचा धंदा.

कोयता. मला एवढंच कळलं की दादा मला मारायला आलाय. का ते कळत नव्हतं.

“सगळ्या गावानं बघितली तिला!” दादा ओरडला आणि आणखी एक मुंडकं गेलं. “म्होरल्या हॉलात टांगलीया. संपत बघून आला, मला खरं वाटंना, मग मी गेलो. तोंड तिचं. डोळं तिचं. हनुवटीवरचा तीळ तिचा. आन् खाली अंगावर सूत न्हाई! माणसं रांग लावून बघत्यात माझ्या भनीला!”

पुढच्या हॉलात पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. मी बघितलं नव्हतं अजून. पण उघडं चित्र? माझं? मी तर कधी...

“चित्र हाय ते,” मामा म्हणाला. “पोरं डोस्क्यानं काढत्यात. ऐक माझं...”

“डोस्क्यानं? कुशीतला वळ बी डोस्क्यानं काढला? बगलंपासनं कंबरंपतोर वळ हाय. दाजीनं मारल्याला!”

प्लास्टरच्या आत माझे कान गरम झाले, आणि ते नुसत्या प्लास्टरनं नव्हे. माझ्या नवऱ्यानं मला पट्ट्यानं मारलं ते पाठीवर. कुशीत कधीच नाही. आई हळदतेल लावायची तेव्हा हाच दादा बाहेर ओट्यावर बसून विडी ओढायचा आणि म्हणायचा, संसार म्हटल्यावर एवढं तेवढं चालायचंच, उद्या सोडून येतो तिला. परत परत त्यानंच मला नेऊन सोडलं. एकदाही पाठ बघितली नाही. आणि आज कुठल्या तरी चित्रातला वळ बघून त्याला बहीण ओळखू आली होती!

मग मारामारी सुरू झाली. मारामारी कसली, मामाला मारणंच. थपडा, लाथा, मग काहीतरी जड अंगावर पडल्याचा आवाज. मामा पन्नाशी ओलांडलेला, दम्याचा माणूस. तो “आगं आई” म्हणून कण्हत होता, पण माझं नाव काढत नव्हता.

“दादा,” संपत माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, “ही कोण ओ? हिच्या नाकात नळ्या हाईत.”

मी श्वास रोखला. रोखला तरी किती रोखणार? नळीतून बारीक शिट्टी वाजायला लागली होती.

“हात लावू नका तिला!” मामा खालून ओरडला. “पुतळा हाय, अंगणात बसवायचाय. नळ्या वाफ जायाला. ओला हाय अजून. आत्ता हलली तर फुटंल सगळं. आजाबात हलायचं न्हाई!”

ते त्यांना नव्हतं, मला होतं. मला कळलं. संपतनं गोणपाटावरून माझ्या पोटावर काहीतरी टेकवलं, काठी असेल नाहीतर बोट. मी मेल्यासारखी पडून राहिले. श्वास इतका बारीक घेतला की डोकं गरगरायला लागलं.

“राहू दे ते,” दादा म्हणाला. “ह्याचा हात धर. धर म्हणतोय ना! ठेव त्या दगडावर. ह्याच हातानं लिंपत आसशील न्हवं माझ्या भनीला? सांग आता, कुटं दडवलीस?”

“मला म्हाईत न्हाई.”

मामाची लाकडी मोगरी होती, साचा ठोकून सोडवायची. तिचा ठोका मला चांगला ओळखीचा. लाकडावर पडला की वेगळा वाजतो, प्लास्टरवर वेगळा. हा तिसराच काहीतरी वाजला. मामा असा ओरडला की पागेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“कुटं हाय?”

“म्हाईत न्हाई... माझ्या बाबा... हात नको रं, पोटाचा हात हाय...”

मोगरी पुन्हा पडली.

मी गप्प पडून राहिले असते तर वाचले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. मामानं जीव ओतून तेवढंच सांगितलं होतं, हलू नको म्हणून. पण माझ्या अंगाची नुसती आग झाली. भाऊ माझा, भांडण माझं, आणि बोटं त्या परक्या माणसाची फुटायची? मामानं सांगितलेली खूण तेवढी माझ्याकडं होती. मी गोणपाटाखालून हात काढला आणि फळीवर जोरात आपटला.

मोगरीचा आवाज थांबला.

पुन्हा आपटला. आणि उठून बसले.

“आयाया! उठली! बाई उठली रं!” संपत किंचाळला. त्याच्या वहाणा दारापर्यंत वाजल्या आणि मग अंगणात, लांब लांब.

मला काही दिसत नव्हतं. तोंडावर दगडासारखं ओझं, मान पुढं ओढली जात होती. मी फळीवरून पाय खाली सोडले, हात पुढं केले आणि दादाच्या आवाजाच्या दिशेनं दोन पावलं गेले. तो काहीतरी बडबडत होता, देवाचं नाव घेत होता बहुतेक. नंतर त्यानं वार केला.

कोयता माझ्या कपाळावर बसला. म्हणजे साच्यावर बसला. माझ्या डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं, मी गुडघ्यावर आले, आणि तोंडावरचं ओझं मधोमध तडकून दोन बाजूंना पडलं. खोबरेल होतं म्हणून चामडी गेली नाही, पण भुवयांचे केस उपटून गेले. एकदम उजेड डोळ्यांत घुसला. डाव्या भुवईवरून रक्त खाली येत होतं. दोन बोटं जाडीचं ते प्लास्टर नसतं तर आज हे सांगायला मी नसते.

“हौसे?” दादा म्हणाला. त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला होता.

मी नाकातल्या नळ्या उपटल्या. तोंडात प्लास्टरचा भुगा होता तो थुंकले. मोगरी फरशीवर पडली होती, ती उचलली आणि त्याच्या कोयत्याच्या मनगटावर घातली. पुन्हा घातली. कोयता खाली पडला. तिसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर घातली आणि तेव्हा मला रडू फुटलं.

“मुडद्या! म्हाताऱ्या माणसाचा हात ठेचलास! बघ, बघ त्याच्याकडं!”

मामा दगडाला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर, बोटं भलतीकडंच वळलेली. तो मला म्हणाला, “हलू नको म्हटलं होतं न्हवं तुला...” आणि डोळे मिटले.

“तू... तू त्या चित्रात...” दादा मनगट धरून म्हणाला.

“चित्रात वळ हाय म्हणालास न्हवं? बगलंपासनं कंबरंपतोर? सरळ? दोरी लावून आखल्यासारखा?”

“हाय.”

मी त्याची गचांडी धरली आणि ओढत खिडकीशी नेला. एवढा धिप्पाड माणूस, पण आला. गोरीबाईपुढं उभा केला. तिच्या कुशीत, बगलेपासून कमरेपर्यंत, एक उभी रेघ वर आली होती. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं अशी शिवण उठते. मामा आपल्या कामात ती घासून टाकायचा, पण गोरीबाईला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पोरं तिला बघून बघून काढायची, आणि जे दिसेल ते काढायचं हे त्यांना पहिल्या दिवशीच शिकवलेलं. शेटे नावाच्या कुणा शहाण्या पोरानं (नाव मला मागाहून कळलं) अंग हिचं घेतलं, शिवणीसकट, आणि वर मुंडकं माझं बसवलं.

“लाव हात,” मी म्हटलं. “लाव की! हा तुझ्या दाजीनं मारल्याला वळ. हे अंग बघितलं गावानं. माझं न्हाई. माझं कुणी बघितलंच न्हाई कधी, तूसुद्धा न्हाई!”

त्यानं बोट लावलं. शिवणीवरून खालपर्यंत फिरवलं. त्याला कळलं. कळल्याचं मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मला वाटलं, आता रडेल. आता माझ्या नाहीतर मामाच्या पायावर पडेल.

तो खाली वाकला आणि डाव्या हातानं कोयता उचलला.

मी मोगरी वर धरली. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. त्यानं पहिला घाव गोरीबाईच्या पोटात घातला. मग छातीवर, मग मांड्यांवर. प्लास्टरचे तुकडे उडत होते, आतला ताग आणि लोखंडी सळ्या बाहेर येत होत्या, तरी तो थांबेना. “रांड! रांड!” म्हणत तो तोडत होता. गळ्याशी, कमरेत, जांघेत. कुठं कुठं घाव घालायचे हे त्यानं घरूनच ठरवून आणल्यासारखं वाटत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि प्रत्येक घाव माझ्या अंगावर कुठं बसला असता ते मला कळत होतं.

गोरीबाई कंबरेतून मोडून खाली आली तेव्हा तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, “झालं. आता कोण काय बोलायचं न्हाई. चल घरला. आईनं भाकरी करून ठिवल्यात.”

“तू जा,” मी म्हटलं.

“हौसे, चल म्हणतोय.”

“तू जा.”

तो गेला. कोयता तिथंच विसरून गेला.

पोतनीस साहेब धावत आले, मागून शिपाई, मागून पोरं. साहेबांनी डोक्याला हात लावला. “अरेरे, काय अनर्थ झाला! अशी मूर्ती देशात दुसरी नाही! एकही तुकडा हलवू नका, सगळे तुकडे आधी गोळा करा!”

“सायेब,” मी म्हटलं, “मामाची बोटं बी गोळा करायची हाईत.”

मग कुठं मामाला दवाखान्यात न्यायला टांगा आला. पोलिसांत कुणी गेलं नाही. मी जाते म्हणाले, तर साहेब म्हणाले, शताब्दीच्या तोंडावर शाळेचा बोभाटा नको, आणि मामा म्हणाला, राहू दे पोरी, बोटं काय परत यायची न्हाईत. मला अजून त्याचा राग येतो. पण बोटं त्याची होती.

त्या दिवसापासून मी मामाच्या घरी राहिले. मामीनं एक प्रश्न विचारला नाही, नुसतं ताट वाढलं. मामाचा हात बरा झाला पण बोटं वाकडीच राहिली, मूठ मिटेना. मग तो सांगायचा आणि मी लिंपायची. त्याचं तोंड आणि माझे हात अशी आमची साचाखोली पुढं चालली. अंगणातला पुतळा आम्ही दोघांनीच केला, त्याच फुटक्या साच्यातून. कपाळावर तडा उठलाय तो मी घासू दिला नाही.

पोरांची मात्र अडचण झाली. गोरीबाई नाही, मग अंग शिकायचं कशावरून? साहेबांनी मुंबईला लिहिलं, कुठं कुठं लिहिलं, काही आलं नाही. एक दिवस मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “मी उभी ऱ्हाती.”

साहेबांची बोबडीच वळली. “हौसाबाई, अहो, तुम्हाला कळतंय का... इतकं सगळं झाल्यावर...”

“झाल्यावरच. ज्याच्यासाठी मला तोडाय आले ते मी केलंच नव्हतं. निदान आता करून तरी बघते.”

पहिल्या दिवशी दाराला आतून कडी. बाहेर मामा स्टुलावर, डाव्या हातात मोगरी घेऊन. मी सगळं उतरवून पोरांकडं पाठ करून उभी राहिले. कुणीतरी “बाप रे” म्हणालं, हळूच. पाठीवरचे वळ दिसले असणार त्याला. मास्तर म्हणाले, “दिसतं ते काढा.” मग नुसता कोळशाचा आवाज.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात शेटेचं मोठं चित्र लागलं. पाठमोरी उघडी बाई, पाठीवर पट्ट्याचे वळ, एकूण एक. मान वळवून मागं बघणारी. मुंडकं मात्र त्यानं दुसऱ्याच बाईचं बसवलं होतं. घाबरला होता बिचारा.

आणि दादा आला. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. मला बघून म्हणाला, “सहज आलो.” सहज कसला? भिंतीवरच्या एकेका चित्रातलं तोंड निरखत चालला होता. मी त्याच्या मागनं चालले. शेवटी शेटेच्या चित्रापुढं थांबला. तोंड बघितलं. माझं नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो पाठ बघायला लागला. बराच वेळ बघत होता.

“कुणी गं मारलं आसंल हिला एवढं?”

“नवऱ्यानं.”

“आन् हिच्या घरची माणसं?”

“परत परत नेऊन सोडत होती तिथंच.”

दादानं टोपी काढली. डोळे खरंच ओले झाले होते त्याचे. “माणसं म्हणायची का जनावरं,” तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “तू न्हाईस कशात, बरं झालं. आई आठवण काढती तुझी.”

तो गेला आणि मी मागं साचाखोलीत आले. मामा प्लास्टर कालवायचं घमेलं पुढ्यात घेऊन वाट बघत बसला होता.